‘प्रिल’ची गोळी चालू असताना

एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल: नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलं की ती रक्तदाबाची गोळी एसीई इनहिबिटर (एसीईला अडवणाऱ्या) गटातली.

रक्तदाब किंवा मीठ कमी पडतंय असं वाटलं की मूत्रपिंड रेनिन नावाचं एन्झाइम सोडतं. त्याच्यामुळे रक्तात अँजिओटेन्सिन-१ बनतं आणि मुख्यतः फुप्फुसातलं एसीई हे एन्झाइम त्याचं अँजिओटेन्सिन-२ करतं. हे रक्तवाहिन्या आवळतं, शिवाय अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढवून मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं. गोळी एसीईलाच अडवते. वाहिन्या सैलावतात, जादा मीठ लघवीवाटे जातं.

पहिल्या दिवसांत चक्कर येऊ शकते, लघवीची गोळीही चालू असेल तर जास्तच. अंथरुणातून आधी उठून बसा, मग उभे राहा. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात; चार दिवसांत ‘उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडू नका. एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासून घ्या. क्रिएटिनिन थोडं वाढू शकतं. आधीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढलं तर डॉक्टर कारण शोधतात.

आपल्याकडे खरी अडचण ताटात आहे. खारवलेला बांगडा, सुकट, पापड, लोणचं रोजचं असेल तर गोळी कमी पडते. पण म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि अल्डोस्टेरॉन घटल्यामुळे पोटॅशियम आधीच अंगात साठत असतं. शहाळ्यातही ते भरपूर असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा मधुमेह असेल तर रोज शहाळं पिण्याआधी डॉक्टरांना विचाराच. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर बहुधा काहीच जाणवत नाही.

लावणीच्या दिवसांत कंबर धरली की दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणलं जातं. ही सवय मोडा: ही वेदनाशामकं आणि ‘प्रिल’ मिळून मूत्रपिंडातला रक्त गाळण्याचा दाब दोन्ही बाजूंनी घटवतात, त्यात लघवीची गोळी असली तर धोका आणखी वाढतो. तशीच गत पावसाळ्यातल्या जुलाब-उलट्यांची. अंगातलं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का ते विचारा.

एसीई ब्रॅडीकायनिन नावाचं रसायनही मोडतं. गोळीमुळे ते साठलं की काहींना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो. खोकल्याचं औषध त्यावर चालत नाही, गोळीच बदलावी लागते. बहुतेकदा टेल्मिसार्टनसारखी ‘सार्टन’ देतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र थांबू नका, १०८ला फोन करा. अशी सूज आल्यावर ‘प्रिल’ गटातली कुठलीही गोळी पुन्हा कधीही घ्यायची नाही आणि हे प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायचं.

गरोदरपणात ही गोळी बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करते. दिवस राहिल्याची शंका आली तरी लगेच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्या.