विधानसभेत टिकेल असं मागणीपत्र कसं लिहावं

जळगावची दाळमिल असो, धुळ्याचा यंत्रमाग असो की नंदुरबारचा मिरचीचा धंदा, अधिवेशन तोंडावर आलं की आमदारांच्या हाती दहा-बारा मागण्यांचं निवेदन पडतं. फोटो निघतो, कागद फायलीत जातो. त्यातल्या बऱ्याच मागण्या विधानसभेच्या अखत्यारीतच नसतात, हे त्याचं मोठं कारण.

म्हणून आधी चाळण लावा. जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकतं करण्याची अट केंद्राच्या 2006 च्या कायद्यातली. बाजार समिती कायदा (1963) आणि दुकाने व आस्थापना कायदा (2017) मात्र राज्याचे. व्यवसाय कराचा 1975 चा कायदाही राज्याचाच. पण वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घटनेच्या कलम 276 मध्ये आहे. त्या मर्यादेच्या आतले टप्पे आणि सवलती राज्याकडे मागता येतात.

सगळ्यात जास्त घोळ विजेच्या बिलात होतो. महावितरणचं बिल समोर घ्या आणि एकेक ओळ वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे वीज नियामक आयोग ठरवतो. त्यासाठी आयोगाच्या जाहीर सुनावणीत लेखी हरकत नोंदवायची. खालची ‘वीज शुल्क’ ही ओळ राज्याच्या 2016 च्या कायद्यातली. आमदारांकडे मागायचं ते या ओळीबद्दल. नुसतं ‘वीजदर कमी करा’ लिहिलंत, तर ‘दर आयोग ठरवतो’ एवढ्या उत्तरावर विषय संपतो.

आता कागद. एक पान, एकच मागणी. कायद्याचं नाव आणि कलम, आज काय आहे, त्याजागी काय हवं, एवढं पहिल्या चार ओळींत यायला हवं. मग पुरावा: दाळमिलचंच उदाहरण घेतलं, तर पाच-सहा गिरण्यांची सलग बारा महिन्यांची बिलं घ्या, वीज शुल्काची रक्कम वेगळी काढा, दर क्विंटल दाळीमागे किती पैसे पडतात ते मांडा. हा आकडा तुमच्याच बिलांतून आलेला हवा; ऐकीव आकडा एकदा खोटा ठरला की पुढचं कुणी वाचत नाही. सवलतीने तिजोरीवर किती भार येईल याचा अंदाजही द्या, कारण वित्त विभाग तेच आधी विचारतो.

वेळ चुकवू नका. पावसाळी अधिवेशनासाठी कागद आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास पोहोचवा, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी दसऱ्याला, अर्थसंकल्पासाठी संक्रांतीच्या आत. तारांकित प्रश्नाची (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशन चालू असताना तातडीचा विषय उपटला तर नियम 105 खालची लक्षवेधी सूचना आहे. तारांकित प्रश्नावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, म्हणून दोन नेमके उपप्रश्न सोबत लिहूनच द्या. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. माहिती काढायला ते पुरतं.

खान्देशातून विधानसभेवर 20 आमदार जातात: जळगावचे 11, धुळ्याचे 5, नंदुरबारचे 4. तोच मसुदा सगळ्या पक्षांच्या आमदारांना द्या. नाशिक पदवीधर मतदारसंघाचे विधान परिषद सदस्यही विसरू नका.

मंत्री सभागृहात ‘निर्णय घेऊ’ म्हणाले, तर त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत मिळवा. अशी आश्वासनं शासकीय आश्वासन समितीपुढे जातात. तारीख आणि मंत्र्यांचं नेमकं वाक्य लिहून आमदारांमार्फत समितीकडे पाठपुरावा करा.