हातमोजा चढवण्याआधी मनगट वाकवा

सोलापुरातल्या माझ्या ऑक्युपेशनल थेरपीच्या खोलीत सेन्सरवाली दोनच साधनं आहेत. एक पकड मोजणारा डिजिटल डायनॅमोमीटर, दुसरा बोटांवर फ्लेक्स सेन्सर, म्हणजे बोट किती वाकलं ते मोजणाऱ्या पट्ट्या, शिवलेला हातमोजा.

डायनॅमोमीटरचं आधी. पेशंट खुर्चीत ताठ, दंड अंगाला लागून, कोपर काटकोनात, अंगठा वर. हँडल दुसऱ्या खाचेत. तीनदा आवळायला सांगा, मध्ये विश्रांती द्या आणि सरासरी लिहा. दर वेळी शब्द तेच, आवाजही तेवढाच. ओरडून जोर चढवला तर आकडाही चढतो. यंत्र आकडा बरोबर दाखवतं का ते बघायला महिन्यातून एकदा मी हँडलच्या मधोमध पट्टा बांधून वजनमापवाल्यांचा शिक्का असलेलं १० किलोचं वजन टांगते. कडबाकुट्टीत बोटं जाऊन टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवलेला पेशंट असेल, तर सर्जनने हो म्हटल्याशिवाय हे यंत्र त्याच्या हातात देऊ नका. साधारण १२ आठवडे जोराची पकड वर्ज्यच.

पकडीच्या आकड्यावर फार विसंबूही नका. माझ्याकडे विड्या वळणाऱ्या बाया येतात. मनगटात नस दबलेली, पकड चांगली २० किलो, पण पान हातात ठरत नाही. तिथे चिमटीचा जोर वेगळा मोजावा लागतो, आणि बोटाच्या टोकाची संवेदना नायलॉनच्या तंतूने तपासावी लागते. त्याला बॅटरी लागत नाही.

आता हातमोजा. पॅरालिसिसच्या आवळलेल्या मुठीवर तो ओढूनताणून चढवू नका. आधी मनगट हळूच तळव्याकडे वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. मग एकेक बोट आत घाला. सूज किंवा उघडी जखम असेल तर त्या दिवशी हातमोजा नाही.

खरी गोम कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सेन्सरच्या जुळवणीत आहे, आणि तिथे मी स्वतः आपटले. सॉफ्टवेअर म्हणतं, ‘हात पूर्ण उघडा, मूठ मिटा.’ एका काकांना मी दर आठवड्याला जमेल तेवढा हात उघडायला लावायचे आणि त्यालाच १०० टक्के धरायचे. सहा आठवडे आलेख जागचा हलला नाही. शेवटी काकूच म्हणाल्या, “अहो मॅडम, आता हे तांब्या धरतात की!” मग डोक्यात प्रकाश पडला. हात जेवढा जास्त उघडे तेवढी पट्टीही लांबत होती, टक्के तेच.

म्हणून आता पहिल्याच दिवशी हात मी माझ्या हाताने सपाट फळीवर उघडून धरते आणि गोनिओमीटरने प्रत्येक सांध्याचा कोन मोजते. सांधा आखडलेला असेल तर जबरदस्ती नाही. जो कोन मिळतो तोच नोंदवते. पुढच्या प्रत्येक वेळी तेच मोजलेले कोन लावून सेन्सर जुळवते आणि प्रगती टक्क्यांत न लिहिता अंशांत लिहिते. सेन्सर वापरून वापरून ढिले पडतात, त्यामुळे जुळवणी रोज नवी, पण कोन तेच.

नोंदीत तारखेशेजारी स्नायू सैल करणारी गोळी किती वाजता घेतली तेही लिहा. त्यावर सकाळ-संध्याकाळचा हात वेगळा निघतो. आणि एक रकाना घरच्यांसाठी ठेवा. माझ्या वहीत त्याचं नाव ‘तांब्या’ आहे.