धुळीच्या दिवसांत कुत्र्याची फुप्फुसं कशी जपायची

रस्ते खोदलेले, शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू. पुण्यात धूळ चुकत नाही. त्यात कुत्रा नाक जमिनीला लावूनच चालतो. जाडसर धूळ नाकात अडकते, पण अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसांत खोलवर जातात. जोरात धापा टाकताना तो तोंडानेही श्वास घेतो, म्हणजे नाकातली गाळणी कमी पडते. म्हणून धुळीच्या रस्त्यावर चालवा, पळवू नका. मास्कच्या भानगडीत पडू नका. धापा टाकता आल्या नाहीत तर अंग तापतं. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बांधायचा हार्नेस घाला, खोकणाऱ्याला तर नक्कीच.

थंडीत पहाटेची हवा खाली दबून राहते, तेव्हा ऊन चढल्यावर बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये मात्र उन्हाचा धोका मोठा, तिथे पहाटच बरी.

खरा घात घरातल्या कामात होतो. फरशी कापताना उडणाऱ्या पांढऱ्या भुकटीत सिलिका (फुप्फुसांना इजा करणारी वाळूची अतिबारीक धूळ) असते आणि दाराला लावलेल्या चादरीने ती अडत नाही. तेवढे दिवस त्याला नातेवाइकांकडे ठेवा. मिस्त्रीला पाणी सोडून कापायला सांगा. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने दोनदा पुसा, अंथरूण धुवा. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल त्याच्या खोलीत नको.

आता मोजमाप. तो गाढ झोपला की छाती वर जाऊन खाली आली, हा एक श्वास. 30 सेकंद मोजा, दुप्पट करा. स्वप्नात पाय झाडत असेल किंवा नुकताच फिरून आला असेल, तर तो आकडा धरू नका. चार-पाच दिवसांचे आकडे कॅलेंडरवर लिहिलेत की त्याचा नेहमीचा वेग कळतो. मिनिटाला 30 च्या वर सतत जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. कारण हृदयाचंही असू शकतं.

मान ताणून घुर्र घुर्र करत हवा आत ओढणं म्हणजे उलटी शिंक, मिनिटभरात थांबते, क्वचित आली तर काळजी नको. कोरडा खोकला येऊन शेवटी पांढरा फेस पडतो, तेव्हा मात्र घशात काही अडकलंय किंवा पित्त झालंय असं समजून लोक दिवस घालवतात. मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, क्लिनिकमध्ये तो हमखास खोकत नाही. घरातलं खोकल्याचं औषध किंवा पॅरासिटामॉल देऊ नका.

हिरड्या निळसर किंवा राखाडी दिसल्या, कोपरं बाहेर काढून बसला, आडवं व्हायला तयार नसला, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच डॉक्टर गाठा. वाटेत पाणी पाजू नका, गाडीचा एसी चालू ठेवा.