बोअरच्या नोंदींची सरळ सरासरी काढू नका

यावल-रावेर पट्ट्यात तापीच्या गाळात पाणी धरणारी वाळू किती, हे बोअरच्या नोंदींवरून काढताना प्रत्येक बोअरला त्याच्या वाट्याच्या क्षेत्राइतकं वजन द्या. पाणी लागतं तिथेच लोक बोअर घेतात, म्हणून साधी सरासरी फुगते. समजा, नाल्याकाठच्या 6 बोअरमध्ये वाळूचा थर 12 मीटर, बाकीच्या 2 मध्ये 4 मीटर. सरासरी येते 10. पण नाल्याकाठ एकूण क्षेत्राचा चौथा हिस्साच असेल, तर अंदाज 6 मीटरवर उतरतो. केवढा फरक! खाण अभियंते डॅनी क्रिग यांच्या नावाची क्रिगिंग पद्धत (मोजलेल्या जागांवरून मधल्या जागांचा अंदाज काढायची रीत), जी सोन्याच्या खाणींतून आली, एकाच जागी दाटलेल्या नमुन्यांचं वजन आपोआप कमी करते. मात्र कोरडे गेलेले बोअरही यादीत हवेतच. लोक नेमके तेच सांगत नाहीत, आवर्जून विचारा.