जर्मनची तोंडी परीक्षा: सीमाभागातल्या मुलामुलींनी तयारी कशी करावी, धडधड कशी आवरावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एका भाषेवर कुणाचा दिवस निघत नाही. घरात मराठी, बसमध्ये कन्नड, कॅम्पातल्या दुकानात हिंदी, कॉलेजात इंग्रजी. कंडक्टरला ‘बस एल्लिग होगतैत्रि?’ असं विचारताना आपलं व्याकरण बरोबर आहे का, हा विचार मनात येतच नाही. उत्तर समजलं नाही तर ‘इन्नोम्मे हेळ्री’ म्हणतो आणि काम होतं. हीच मुलं जर्मनच्या तोंडी परीक्षेला बसली की त्यांची दातखीळ बसते. लेखी पेपरात उत्तम गुण घेणाऱ्या मुली बोलण्याच्या भागात अडकताना मी पाहिल्या आहेत आणि दरवेळी जीव हळहळतो. कारण मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, समोरच्याशी बोलणं चालू ठेवायचं, हे या परीक्षेला हवं असलेलं कसब आपल्याकडे लहानपणापासून असतं. ते परीक्षेच्या खोलीपर्यंत कसं न्यायचं, एवढंच शिकायचं आहे.

नर्सिंग किंवा कारखान्यातल्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला जाऊ पाहणारे बहुतेकजण आधी बी१ या मधल्या पातळीची परीक्षा देतात, म्हणून इथे गोएथे इन्स्टिट्यूटची बी१ परीक्षा धरली आहे. भारतात ही संस्था मॅक्स म्युलर भवन म्हणून ओळखली जाते. टेल्क या दुसऱ्या संस्थेची परीक्षा देणार असाल तर तिचा नमुना पेपर वेगळा पाहून घ्या. तयारीची रीत तीच राहते.

आधी परीक्षा समजून घ्या

वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात. प्रत्येक भाग १०० गुणांचा आणि पास व्हायला प्रत्येकात ६० लागतात. संभाषणाला सहसा दोन परीक्षार्थी जोडीनं बसतात आणि समोर दोन परीक्षक असतात. आत जाण्याआधी तयारीला १५ मिनिटं मिळतात, आतलं काम दोघांचं मिळून साधारण १५ मिनिटांचं.

आत तीन गोष्टी करायच्या असतात. पहिली, जोडीदाराबरोबर एखादा बेत ठरवायचा: सहल, निरोपसमारंभ, आजारी मित्राची भेट. याला २८ गुण. दुसरी, दिलेल्या दोन विषयांतला एक निवडून छोटं सादरीकरण करायचं. याला ४०. तिसरी, जोडीदाराच्या सादरीकरणावर अभिप्राय द्यायचा, एक प्रश्न विचारायचा आणि आपल्याला विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. याला १६. उरलेले १६ उच्चाराचे.

हे आकडे परत एकदा वाचा. ‘एकही चूक नाही’ याला वेगळे गुण कुठेच नाहीत. व्याकरण मोजतात, पण दिलेलं काम पार पडलं का, जोडीदाराला प्रतिसाद दिला का, बोलण्याला काही ओघ होता का, हेही मोजतात. चुकीच्या भीतीनं गप्प बसणारा यातला प्रत्येक गुण घालवतो. चुकत बोलणाऱ्याचे मात्र थोडेच जातात.

रोज तोंड उघडा

परीक्षेच्या दोन-तीन महिने आधीपासून रोज एका विषयावर दोन मिनिटं मोठ्यानं बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. विषय साधा असावा: आज काय जेवलो, खानापूरहून येताना गाडीत काय पाहिलं, उसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर काय होतं. दुसऱ्या दिवशी आधी कालचं ऐका आणि तोच विषय पुन्हा बोला. ऐकताना चुका मोजत बसू नका. आपण कुठे थांबलो आणि का थांबलो, एवढंच पाहा. शब्द नव्हता म्हणून थांबला असाल तर तो शब्द वहीत लिहा. वाक्य मनात आधी इंग्रजीत जुळवत होता म्हणून थांबला असाल, तर ती सवय मोडायला हवी.

इंग्रजीमार्गे जर्मनला जाऊ नका, हे मी आग्रहानं सांगते. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’. त्यानं सुरू होणाऱ्या जर्मन वाक्यात क्रियापद शेवटी जातं: ‘वाइल इश इन डॉइचलांट आर्बाइटन म्योश्टे’. मराठीतही आपण ‘कारण मला जर्मनीत काम करायचं आहे’ असंच म्हणतो, क्रिया शेवटी. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं क्रियापद मध्येच घालतात, ते इंग्रजीच्या सवयीनं. तीन लिंगांचंही तसंच. कुठल्या शब्दाचं कुठलं लिंग, हे पाठच करावं लागतं. पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

उच्चारातही मराठीचा मोठा आधार आहे. जर्मनमधला ‘त्स’, म्हणजे ‘त्साइट’, ‘त्सुकर’ या शब्दांतला, आपल्या ‘चूल’ आणि ‘चाक’ मधल्या च च्या अगदी जवळचा. तो जसाच्या तसा वापरा. मेहनत लागते ती ü आणि ö या दोन स्वरांवर. ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करा, की पहिला स्वर येतो. ‘ए’ म्हणत ओठ गोल केलेत की दुसरा. आरशासमोर रोज पाच मिनिटं पुरतात. शिवाय आपला ‘ट’ जीभ मागे वळवून निघतो; जर्मनसाठी जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या हिरडीवर टेकवा.

जोडीदार शोधा आणि अधूनमधून बदला

परीक्षेत शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून एकाच मैत्रिणीबरोबर सराव करू नका. तिची वाक्यं तुम्हाला आधीच माहीत होतात आणि तो सराव उरत नाही. टिळकवाडीतल्या मुलीनं निपाणीच्या मुलीशी व्हॉट्सअॅप कॉलवर बोलावं, पुढच्या आठवड्यात दोघींनी जोड्या बदलाव्यात.

सराव चांगला झाला हे कसं ओळखायचं, त्याचं एक उदाहरण देते. दोन मुली इस्पितळातल्या मैत्रिणीला भेटायला जायचा बेत ठरवत होत्या. खानापूरच्या मुलीला फळांची टोपली न्यायची होती, पण टोपलीला जर्मन शब्द आठवेना. तिनं हातानं गोल आकार केला आणि म्हणाली, ‘दास डिंग फ्यूर ओब्स्ट’, म्हणजे फळांसाठीची ती वस्तू. दुसरी लगेच म्हणाली, ‘आ, कोर्ब! या, गूटे इडे’, म्हणजे अगं, टोपली! हो, छान कल्पना, आणि टोपली कुठून घ्यायची हे विचारून पुढे निघाली. शब्द अडला, पण बोलणं अडलं नाही. परीक्षकाला हेच ऐकायचं असतं. त्या जागी ‘टोपलीला काय म्हणतात गं?’ असं मराठीत विचारलं असतं, तर दोघींचंही नुकसान झालं असतं.

यासाठी चार-पाच वाक्यं झोपेतून उठवलं तरी तोंडात यायला हवीत. ‘क्योन्टन झी दास बिटे वीडरहोलन?’, म्हणजे कृपया पुन्हा सांगाल का. ‘वी झाक्ट मान दास?’, म्हणजे याला काय म्हणतात बरं. ‘वास माइन्स्ट डू?’, म्हणजे तुझं काय मत. ‘आइनन मोमेन्ट, बिटे’, म्हणजे एक क्षण थांबा. ही वाक्यं वापरणं म्हणजे कमीपणा नव्हे. कन्नडमध्ये आपण हेच करतो आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही.

सादरीकरण पाठ करू नका

सादरीकरणाचा साचा ठरलेला असतो: विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली परिस्थिती, फायदे-तोटे आणि आपलं मत, शेवटी समारोप आणि आभार. साचा आणि जोडवाक्यं पाठ करा, मजकूर करू नका. पाठ केलेलं भाषण ओवलेल्या माळेसारखं असतं. एक मणी निसटला की सगळी माळ सांडते.

अनुभव आणि परिस्थिती या दोन भागांत पुष्कळजण पुस्तकातली वाक्यं ठोकतात. तिथे आपलं गाव आणा. विषय ऑनलाइन खरेदीचा असेल तर वडगाव-शहापूरच्या विणकरांबद्दल बोला: मोबाइलवर साडी मागवली की त्यांच्या मागावर काय परिणाम होतो, ताईनं साडी हातात धरून का घेतली. विषय खेडं की शहर असा असेल तर तालुक्याच्या गावातून रोज बेळगावला ये-जा करणाऱ्यांचं सांगा. खाण्यापिण्याचा असेल तर कुंदा आहेच. दूध आणि साखर आटवून केलेली मिठाई, हे सांगायला बी१ चे शब्द पुरतात. जे डोळ्यांसमोर आहे त्यावर बोलताना शब्द लवकर सापडतात आणि आवाजातला ताणही उतरतो. पुढचे प्रश्न त्यावरच आले तर उत्तरही आपल्याजवळ असतं.

धडधडीचं काय करायचं

परक्या भाषेत बोलायची भीती ही इतर भीतींपेक्षा वेगळी असते, हे १९८६ मध्ये इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. हुशार, एरवी धीट माणसालाही ती गाठते, कारण आपण आहोत त्याहून अडाणी दिसू असं त्याला वाटतं. तुम्हाला भीती वाटते म्हणजे तुमची तयारी कमी आहे, असं अजिबात नाही.

शरीरात अॅड्रिनॅलिन वाढतं, तोंड कोरडं पडतं, श्वास वरवरचा होतो आणि मग वाक्य पुरं करायला हवा पुरत नाही. म्हणून सुरुवात श्वासापासून करा. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा, दोन-तीन मिनिटं. हे रोजच्या रेकॉर्डिंगच्या आधी करा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून बघाल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असं मोठ्यानं म्हणणारे लोक भाषण करताना अधिक चांगलं बोलले, असं अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत दिसलं. धडधड भीती आणि उत्सुकता दोन्हींत सारखीच असते, म्हणून तिला दाबण्यापेक्षा दुसरं नाव देणं सोपं जातं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो अनोळखी माणसासमोर केलेल्या सरावाचा. शेवटच्या तीन आठवड्यांत दर आठवड्याला एकदा तरी पूर्ण परीक्षेची रंगीत तालीम करा: घड्याळ लावून, टेबलापलीकडे दोन माणसं बसवून, त्यातला एक सतत काहीतरी लिहितोय असं. त्यांना जर्मन येत नसलं तरी चालतं. काकांना बसवा, शेजारच्या आक्कांना बसवा. समोरचा माणूस हसत नाही आणि कागदावर लिहितोय, याची सवय झाली की निम्मी भीती तिथेच सरते.

घरच्यांनाही एक विनंती. मुलीच्या परीक्षेची तारीख गल्लीभर सांगू नका. कर्ज किती काढलंय, अमक्याचा मुलगा कधीच पोचला, हे विषय परीक्षा होईपर्यंत बाजूला ठेवा. ते आकडे तिला पाठ आहेत.

प्रवास आणि परीक्षेचा दिवस

परीक्षेसाठी आपल्याकडची बहुतेक मुलं पुणे किंवा बेंगळूरु गाठतात. पुणे साधारण ३४० किलोमीटर, बेंगळूरु ५०० च्या आसपास. रात्रीच्या बसनं पहाटे स्वारगेटला उतरायचं आणि तोंड धुऊन थेट परीक्षेला जायचं, असं करू नका. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा आणि केंद्र पाहून या. तारीख जुलै-ऑगस्टची असेल तर आणखी सावध राहा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं आणि कोल्हापूरजवळ पंचगंगेचं पाणी आल्यानं पुण्याचा महामार्ग बंद पडला होता. पावसाचा जोर दिसला तर दोन दिवस आधीच निघा. पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा.

तयारीच्या १५ मिनिटांतली दहा सादरीकरणाला द्या, पाच बेताला. दोन विषयांतला कुठला घ्यायचा हे अर्ध्या मिनिटात ठरवा. ज्यावर स्वतःचा अनुभव आहे तो घ्या. कागदावर वाक्यं लिहू नका, प्रत्येक मुद्द्याला दोन-तीन शब्द लिहा. वाक्यं लिहिलीत तर आत गेल्यावर वाचत बसाल.

आत गेल्यावर नमस्कार करा आणि पहिलं वाक्य मुद्दाम सावकाश बोला. वेग एकदा ठरला की तो टिकतो. जोडीदार घाबरलेला असेल तर त्याला सोपा प्रश्न विचारा, त्याचा गुण तुम्हालाही मिळतो. तो एकटाच बोलत सुटला तर ‘या, आबर’, म्हणजे हो, पण, असं म्हणून मध्ये शिरा; इथे संकोच कामाचा नाही. लिंग चुकलं, प्रत्यय चुकला आणि तुमच्या लक्षात आलं, तर एकदा दुरुस्त करा आणि पुढे चला. तीच चूक मनात घोळवत राहिलात तर पुढची तीन वाक्यंही तिच्याबरोबर जातात.

बाहेर आल्यावर जोडीदाराबरोबर उत्तरं ताडून पाहू नका. चारपैकी फक्त संभाषण राहिलं तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो, बाकीचे पास झालेले तसेच राहतात. नर्सिंगवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे पुढची पातळी, म्हणजे बी२ लागतं, आणि बी२ च्या तोंडी परीक्षेत भाषणानंतर जोडीदाराशी वादचर्चा करावी लागते. म्हणून बी१ चा निकाल येईपर्यंत जोडीदार सोडू नका, आठवड्यातले दोन कॉल चालू ठेवा, आणि आता बेत ठरवण्याऐवजी एकमेकींच्या मताला विरोध करायचा सराव सुरू करा.