लोहारकाम नव्याने शिकताय? ऐरण घ्यायच्या आधी या चुका टाळा

माझा पहिला कोयता पाण्यात बुडवला तेव्हा 'टिंग' असा एकदम बारीक आवाज आला, मला वाटलं मस्त पाणी बसलं, म्हणजे पातं कडक झालं, बाहेर काढून बघतो तर पात्याला मधोमध केसाएवढी चीर. दोन रविवार गेले आणि ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) चांगला तुकडा वाया गेला तो वेगळाच. आमच्याकडं एक लोहार मामा आहेत, आयुष्यभर खुरपी-विळेच करत आलेत, त्यांनी ते पातं उजेडात धरलं आणि म्हणाले, "काय बे, पाट्याला गार पाणी पाजतंय का कोण?" तर असल्या चुका, ज्या मी केल्या आणि आता नवी पोरं व्हिडिओ बघून अगदी तशाच करताना दिसतात, त्या लिहितोय. क्रम लावलेला नाही, जी महाग पडली तिच्यावर जास्त लिहिलंय.

ऐरणीचं खूळ

सगळ्यांचा पहिला प्रश्न ऐरण कुठं मिळेल हाच असतो. मग ऑनलाइन स्वस्तातली, रंग मारलेली, टोकदार शिंग असलेली बिडाची (ओतीव लोखंडाची) ऐरण मागवतात आणि महिन्याभरात तिचा कोपरा उडतो. बीड घण सोसत नाही, शिवाय हातोडा मारला की तो परत वर येत नाही, सगळी ताकद तुमच्या मनगटालाच लावावी लागते. घ्यायच्या आधी एक बेअरिंगची गोळी वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडून बघा. चांगल्या पोलादावर ती टणकन बरीच वर उडते, बिडावर थप्प करून बसते. विकणारा गोळी टाकू देत नसेल तर घेऊच नका.

रुळाचा तुकडा चालतो का? चालतो, आणि भारी चालतो, पण लोक तो आडवा ठेवतात तिथं घोळ होतो. आडव्या रुळाचं मधलं पोट बारीक असतं, त्यामुळं तो स्प्रिंगसारखा हलतो आणि कानठळ्या बसतात. तोच तुकडा उभा करून लाकडाच्या ओंडक्यात घट्ट बसवा, म्हणजे सगळं वजन हातोड्याच्या बरोबर खाली येतं. आपल्याकडचा रूळ मीटरला 52 किंवा 60 किलो भरतो, म्हणजे फूटभर तुकडा 16 ते 18 किलोचा झाला, सुरुवातीला एवढं बास आहे. फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवा, आमचं सोलापूर रेल्वेचं गाव आहे म्हणून कोणी रात्रीचा आणून दिला आणि तुम्ही घेतला असं करू नका, रेल्वेचा चोरीचा माल जवळ बाळगणं हाच 1966 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पावती देणाऱ्या भंगारवाल्याकडूनच घ्या. नाहीतर एमआयडीसीच्या भंगारात एखाद्या जाड शाफ्टचा तुकडा शोधा, तो पण उभा केला की ऐरणच.

उंचीचं म्हणाल तर सरळ उभं राहून हात खाली सोडायचा, मूठ वळायची, मुठीची हाडं जिथं येतात तिथं ऐरणीचा माथा हवा. मामा खाली बसून ओंडक्यात रोवलेल्या चौकोनी ऐरणीवर ठोकतात, ते बघून मी पण ऐरण बुटकी ठेवली आणि उभ्यानं काम केलं, आठ दिवस कंबर धरून फिरत होतो. आणि ऐरणीच्या सगळ्या कडा धारदार ठेवू नका, निदान एक बाजू ग्राइंडरनं थोडी गोल करा, नाहीतर लोखंड वाकवताना आतून कापलं जातं आणि बरोबर तिथंच नंतर तुटतं.

भट्टी: वारा कमी, दम जास्त

ट्रकच्या ब्रेक ड्रमची भट्टी आणि खालून ब्लोअर, सगळे हेच करतात आणि यात वाईट काही नाही. वाईट आहे तो फुल सोडलेला ब्लोअर. वारा जास्त झाला की लोखंडावर खपल्या पडतात, माल पातळ होतो आणि कोळसा तर भसाभसा जातोच. ब्लोअरच्या तोंडाला पत्र्याची झाप लावा, वारा कमी-जास्त करता आला पाहिजे. लोखंड वाऱ्याच्या तोंडाशी खुपसायचं नाही, खाली वीतभर निखारा पाहिजे आणि लोखंड त्याच्या वरच्या अंगाला आडवं ठेवायचं, तोवर वाऱ्यातला ऑक्सिजन खालीच जळून गेलेला असतो.

दगडी कोळसा वापरत असाल आणि मध्येच जाळ मंद झाला, लोखंड तापायला वेळ लागायला लागला, तर ब्लोअर वाढवू नका. तळाला राखेचा काचेसारखा कीट जमलेला असतो, तो आकडीनं उचकटून काढा. बाभळीच्या कोळशाला हा त्रास जवळजवळ नाही पण तो ठिणग्या फार उडवतो.

आता सगळ्यात सोलापुरी चूक, उन्हात भट्टी लावणं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो ते तर आहेच, पण खरी गंमत वेगळी आहे. लोखंडाचा रंग कडक उन्हात दिसतच नाही. सावलीत जे चांगलं केशरी दिसतं ते उन्हात काळंच वाटतं, मग आपण अजून तापवतो, अजून तापवतो, आणि बाहेर काढलं की फुलबाजीसारखं तडतडतं. तडतडलं म्हणजे पोलाद जळालं, त्याला इलाज नाही, तेवढा भाग कापून टाकायचा. उलट बाजूनं, लालसरपणा गेल्यावर पण ठोकत राहिलात तर चिरा पडतात. केशरी-पिवळ्यावर ठोकायचं, गडद लाल झालं की परत भट्टीत, "अजून दोन घाव" हा मोह सोडा. सकाळी सहाला सुरू करा आणि शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात करा, मात्र शटर उघडं ठेवा, कोळशाच्या विषारी गॅसला वास नसतो.

लोखंड कुठलं घेताय?

बांधकामाची सळई घेऊन सुरी केली आणि धार राहत नाही म्हणून माझ्याकडं येणारे खूप आहेत. त्यात कार्बनच कमी, ती कितीही तापवून बुडवा, धार टिकण्याइतकी कडक होणार नाही. वाकवायचा, पिळायचा, आकड्या करायचा सराव मात्र तिच्यावरच करा, स्वस्त पडते आणि फूट-दोन फूट लांब ठेवली तर सांडशीशिवाय हातात धरता येते. धारेच्या हत्याराला गाडीचा पाटा घ्या. जस्त चढवलेला पाइप किंवा पत्रा भट्टीत अजिबात नको, जस्त 907 अंशाला उकळतं आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. दूध पिऊन उतरतो असं वेल्डिंगवाले सांगतात, त्याच्यावर राहू नका, डॉक्टर गाठा.

पाणी देताना

आता माझ्या कोयत्याकडं येतो. घडवून झाल्यावर पातं लाल करून हवेत निवू द्यायचं, असं तीनदा, त्यानं ठोकताना बसलेला ताण निघतो. मग तापवत तापवत चुंबक लावून बघायचं, साधारण 770 अंशाला लोखंड चुंबकाला चिकटायचं बंद होतं, त्याच्या थोडं वर नेऊन बुडवायचं. आणि पाटा तेलात, पाण्यात नाही! पाणी त्याला एवढं झटकन गार करतं की तो फाटतो. जळकं इंजिन ऑइल नको, धूर घाण असतो. आपल्याकडं करडईचं तेल मिळतं, ते लोखंडी डब्यात घेऊन हाताला चांगलं गरम लागेल इतकं, पन्नास-साठ अंश, तापवा, कारण गार तेल घट्ट असतं आणि कमी काम करतं. डब्याला झाकण पाहिजेच, भडका उडाला की झाकायचं, पाणी ओतायचं नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत तेल घेतलेला माणूस मी पाहिलाय, पुढचं विचारू नका.

बुडवल्यावर कानस फिरवा. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर कडक झालंय, कानशीनं लोखंड खाल्लं तर एकतर तापमान कमी पडलं किंवा माल साधा निघाला. कडक झालेलं पातं तसंच दगडावर आपटलं तर तुकडे होतील, म्हणून लगेच त्याच दिवशी घरच्या ओव्हनमध्ये दोनशे-सव्वादोनशे अंशाला दीड-दोन तास ठेवा (आधी घरात विचारा). घासलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग आला की सुरीला पुरे, कोयत्याला थोडं पुढं, तपकिरी-जांभळ्यापर्यंत जाऊ द्या.

बाकी किरकोळ. ओलं फडकं हातात धरून गरम लोखंड उचलू नका, ओल्यातून चटका लवकर पोचतो आणि वाफेनं हात भाजतो. टेरिकॉटचा शर्ट नको, तो वितळून अंगाला चिकटतो, सुती घाला. चप्पल तर नकोच नको.

हातोडा किलोच्या आतला घ्या, दोन किलोचा घेऊन मिरवू नका, आणि नव्या हातोड्याच्या कडा घासून गोल करा, नाहीतर प्रत्येक घावाचा चंद्रकोरी वण कामावर उठतो. आपल्या उन्हाळ्यात दांड्याचं लाकूड आटतं आणि डोकं सैल होतं. बरेच जण हातोडा रात्रभर पाण्यात ठेवतात, लाकूड फुगतं, सकाळी घट्ट वाटतो, पण वाळला की आधीपेक्षा सैल. त्यापेक्षा नवी पाचर ठोका, दांड्याला जवसाचं तेल चोळा आणि रोज भट्टी पेटवायच्या आधी डोकं एकदा हलवून बघा.