मिनी ट्रॅक्टरला हायड्रॉलिक टॉप लिंक बसवताना

तासगावकडच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे फक्त रोटाव्हेटर आणि ब्लोअर चालत असेल, तर या कामावर पैसे घालू नका. हंगामात एकदोनदा टॉप लिंकचा, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार जोडणाऱ्या वरच्या दांड्याचा, स्क्रू फिरवायचा, त्याला सिलिंडर कशाला? उसाचं रान असेल तर गोष्ट वेगळी. कृष्णाकाठच्या काळ्या रानात नांगराला एका तासाला, म्हणजे एका ओळीला, जमीन मऊ लागते, दुसऱ्या ओळीला कडक. लेव्हलरला तर माती धरायची आणि सोडायची, दोन्ही कामं टॉप लिंकवरच होतात. लिंक आखडली की अवजाराचं नाक खाली जातं, लांबवली की टाच टेकते. हे सीटवर बसून करता आलं तर चढउतार वाचते आणि रानही सपाट होतं.

आधी माप. सिलिंडर आणायला जाण्यापूर्वी प्रत्येक अवजार सपाट जागी जोडा आणि ट्रॅक्टरच्या पिनेच्या मध्यापासून अवजाराच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अंतर लिहून ठेवा. समजा नेहमीच्या कामाचं अंतर ५२० मिमी भरतं. तर मिटलेला ४३० मिमी आणि स्ट्रोक (रॉडची पूर्ण सरक) १८० मिमी, म्हणजे उघडून ६१० मिमी होणारा सिलिंडर चालेल. काम मधल्या भागात झालं पाहिजे. सिलिंडर रोज टोकाला जाऊन ठोकत असेल तर माप चुकलं म्हणून समजा. आणखी एक तपासणी बहुतेकजण विसरतात: लिफ्ट पूर्ण वर घेऊन लिंक पूर्ण मिटली, तर अवजार टायरला किंवा मडगार्डला लागतं का? जुन्या स्क्रूच्या लिंकवर हे आधीच बघून घ्या.

मिनी ट्रॅक्टरची टॉप लिंक पिन साधारण १९ मिमीची, म्हणजे सहा सुती असते. मोठ्या ट्रॅक्टरची इंची असते. सिलिंडरच्या दोन्ही टोकांना फिरता बॉल हवा. सरळ बुश असलेला ट्रॉलीचा सिलिंडर स्वस्तात मिळतो, पण अवजार आडवं कललं की सगळा ताण रॉडवर येतो, आणि रॉड वाकला की सील गेलंच.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी आणि रॉड २५ मिमी पुरे. १५० बार दाबावर हा सिलिंडर ढकलताना सुमारे ३ टन आणि ओढताना सव्वादोन टन जोर देतो. यापेक्षा जाड सिलिंडर अवजाराच्या मास्टच्या (टॉप लिंक जोडायच्या उभ्या चौकटीच्या) दोन पट्ट्यांत अडकतो आणि फायदा काहीच देत नाही.

खरं डोकं लागतं ते तेलाच्या वाटेला. ट्रॉली उचलायची जी एकपाइपी तोटी असते, तिच्यावर हे काम होत नाही. तिथून तेल एकाच बाजूने जातं, आपल्याला ढकलणं आणि ओढणं दोन्ही हवं. म्हणून डबल अ‍ॅक्टिंग डीसीव्ही, म्हणजे लिव्हरने तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह, लागतो. हायड्रॉलिक पलटी नांगर असेल तर एक लिव्हर त्याच्या सिलिंडरला जातो, त्यामुळे दोन लिव्हरचाच घ्या. पंपाचं तेल डीसीव्हीच्या पी पोर्टला येतं, टी पोर्टची लाइन थेट टाकीला जाते, आणि लिफ्टला तेल पॉवर बियाँड (तेल दाबासकट पुढे देणाऱ्या) पोर्टमधून द्यायचं. पॉवर बियाँडची स्लीव्ह वेगळी मिळते, ती घालायला विसरू नका. काही ठिकाणी ती वाचवण्यासाठी टी पोर्टमधूनच लिफ्टला तेल देतात. मग लिफ्टवर वजन आलं की तो दाब डीसीव्हीच्या टाकीकडच्या भागात भरतो, सील उडतात, कधी बॉडीच तडकते. डीसीव्हीचा रिलीफही (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) ट्रॅक्टरच्या रिलीफपेक्षा वर ठेवू नका. ट्रॅक्टरचा आकडा पुस्तिकेत असतो.

सिलिंडरवरच दुहेरी लॉक व्हॉल्व्ह, म्हणजे दोन्ही बाजूंचं तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह, बसवा. डीसीव्हीचा स्पूल (आतला सरकता दांडा) थोडं तेल सोडतोच, त्यामुळे लॉक नसेल तर उचललेलं अवजार हळूहळू मागे कलतं. पाइप फुटला तरी लॉक असेल तर अवजार एकदम सुटत नाही.

आता वेग. पंप मिनिटाला १५ लिटर तेल देत असेल, तर ५० मिमीचा सिलिंडर १८० मिमीचा पूर्ण स्ट्रोक दीड सेकंदात संपवतो. एवढ्या झटक्यात नांगराची खोली कुणाला जमणार? सिलिंडरच्या बुडाकडे जाणाऱ्या पाइपात, डीसीव्हीच्या टोकाला १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर (तेलाची वाट आवळणारा तुकडा) टाका, मग हेच काम ४ सेकंदांच्या आसपास होतं. एकच पुरतो, कारण तेल जाता-येता त्यातूनच जातं. तो रॉडकडच्या पाइपात मात्र नको. तिथे तेल अडलं की लिंक लांबवताना रॉडच्या बाजूचा दाब १५० वरून २०० बारपर्यंत चढतो.

होज (लवचीक पाइप) पाव इंची, दोन तारजाळ्यांची घ्या. कराड, सातारा किंवा कुपवाडच्या एमआयडीसीकडे मापाची होज एंड दाबून मिळते. लांबी ठरवताना लिफ्ट पूर्ण वर आणि पूर्ण खाली अशा दोन्ही स्थितींत सुतळी धरून मोजा. वळणाची त्रिज्या १०० मिमीपेक्षा कमी नको, आणि होज पीटीओ शाफ्टकडे (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याकडे) लोंबता कामा नये. पाव इंची बीएसपी आणि एनपीटी या दोन पद्धतींचे आटे दिसायला सारखे, पण एकाला इंचात १९ आटे आणि दुसऱ्याला १८. दोन आटे बसतात, मग अडतात. तिथेच थांबा, पान्याने रेटू नका. बीएसपीला डाऊटी वॉशर (रबर बसवलेला धातूचा वॉशर) लावा. टेफ्लॉन टेपचा तुकडा सुटून लॉक व्हॉल्व्हमध्ये अडकला तर लॉक धरत नाही.

जोडणीला फार वेळ लागत नाही. अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडा. सिलिंडरचं बूड ट्रॅक्टरकडे आणि रॉड अवजाराकडे ठेवा, म्हणजे होज कमी हलतात. पोर्ट वरच्या बाजूला येऊ द्या. आधी फक्त ट्रॅक्टरकडची पिन घालून रॉड मोकळा ठेवा, तो दोरीने आधाराला बांधा आणि इंजिन मंद ठेवून पाचसहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा. हवा टाकीत निघून जाते. मग दुसरी पिन आणि लिंच पिन घाला. सिलिंडर आणि होज भरायला साधारण अर्धा लिटर तेल जातं, तेवढं त्याच ग्रेडचं भरा. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं, म्हणून हाताशी आलेलं कुठलंही तेल ओतू नका.

गळती बोट फिरवून शोधू नका, पुठ्ठा धरा. बारीक धारेचं तेल कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते, पण लगेच दवाखाना गाठावा लागतो.

चाचणीला अवजार उचला, रॉडवर खडूची खूण करा, इंजिन बंद करून तासाभराने पाहा. खाली कुणी जाऊ नये. उचललेल्या अवजाराचं वजन लिंकला मागे ओढतं, म्हणून भार रॉडच्या बाजूच्या तेलावर असतो. रॉड बाहेर सरकला असेल तर अवजार टेकवून दाब सोडा, होजचे कपलर (झटपट जोड) काढा आणि पुन्हा उचलून बघा. आता थांबला तर लाइनमध्ये अडकलेला दाब लॉक उघडा ठेवत होता. अशा वेळी मधल्या स्थितीत दोन्ही पोर्ट टाकीला सोडणारा स्पूल लागतो. तरीही सरकत असेल तर लॉकमध्ये कचरा आहे नाहीतर पिस्टनचं सील गेलंय. लिंक धक्के देत चालली तर आधी हवा आणि तेलाची पातळी बघा.

रोटाव्हेटर लावल्यावर पीटीओ चालू असताना लिंक लांब-आखूड करू नका. कोन वाढला की पीटीओ शाफ्टचा क्रॉस (सांधा) आवाज करतो आणि लवकरच तुटतो. पलटी नांगर घेऊन रस्त्याने जाताना लिंक अर्धी मिटवून ठेवा. अवजार सोडल्यावर रॉड पूर्ण आत घ्या, उघड्या रॉडवर चिखल वाळला की पुढच्या वेळी सील खरवडतं. कपलरला टोप्या लावा.